पडवीकडून नळाकडे जाणारा बाण

या ग्रुपवर कुणी अनुभव टाकला की खाली 'सॅम्पल साइझ किती?' अशी कमेंट करून पसार होणारा जो एक आगाऊ माणूस आहे, तो मी. कुणाच्या मामांना घाटात बाई आडवी येते, कुणाच्या सासूबाई वर गेल्यावरही लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायला खाली येतात... आणि मी इकडे मोबाइल आमटीच्या पातेल्याला टेकवून ते सगळं वाचणार, आणि हात धुवायच्या आत कमेंट ठोकणार. वाईट हेतू नव्हता हो. हुबळीत, विद्यानगरातल्या एका कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. भुताचं सोडा, मी पोरांच्या मेडिकल सर्टिफिकेटवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

तर आता माझी पाळी. हसा. तुमचा हक्कच आहे.

घर रायापूरला. हुबळीहून निघून धारवाड जवळ यायला लागलं की डाव्या अंगाला आमची वसाहत लागते. बैठं घर. पुढे फाटक, मागे पडवी, पडवीच्या पायरीखाली नळ, नळाशेजारी जमिनीतली पाण्याची टाकी — तिला आमच्याकडे संप म्हणतात — आणि एक कढीलिंबाचं झाड. संपलं. पिंपळ नाही, विहीर नाही, कुणी जीव दिल्याची कथा नाही. भुताच्या दृष्टीनं पाहिलं तर अत्यंत गैरसोयीची जागा.

या घरात आम्ही दोघं राहायचो. मी आणि अक्का.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या शेंबडापासून शर्टाच्या बटणापर्यंत सगळं खातं तिच्याकडे. सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती, तिथूनच रिटायर झाली. तिनं लग्न का केलं नाही याची आमच्या प्रत्येक मावशीकडे वेगळी थिअरी होती. माझं लग्न नुसतंच राहून गेलं. त्यावर थिअरी मांडायचा उत्साह कुणाला वाटला नाही. गल्लीतले कन्नड शेजारी आम्हाला 'अक्का-तम्म' म्हणायचे, म्हणजे ताई आणि तिचा धाकटा. पन्नाशी उलटली, केस गेले, तरी मी तम्मच.

अक्काच्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. हुबळी-धारवाडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो — आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांनी एकदा येतं. कधी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कधी सकाळी दात घासताना, कधी भर दुपारी. आलं की आधी लालसर, गढूळ येतं, चहासारखं. ते झाडाला सोडायचं, आणि स्वच्छ यायला लागलं की पाइप उचलून संपात टाकायचा. म्हणजे घरात माणूस हवं, आणि ते जागं हवं.

अक्काला पाणी यायच्या आधी कळायचं. दुपारी पडवीतल्या बाजेवर आडवी असायची, मध्येच उठायची. "येतंय बघ," म्हणून पदर खोचायची आणि नळाखाली एक पातेलं पालथं घालायची. पालथं अशासाठी की पहिले थेंब पडले की ते टणटणावं. आणि थोड्या वेळानं खरंच टणटणायचं! शेजारच्या शांतक्का तर आमच्या पातेल्याचा आवाज ऐकूनच आपला नळ सोडायच्या.

"कसं कळतं गं तुला?" मी विचारायचो.

"कळतं की. तुला गणित कळतंय, मला पाणी कळतंय. दोघांत पगार तुलाच मिळतोय, बस की गप."

दुसरी गोष्ट चाहुलीची. माझी पावलं वाजत नाहीत, आणि अक्का दचकायची. आमचे अप्पा जुन्या वळणाचे. घरात शिरण्याआधी फाटकातच मोठ्यानं खाकरायचे, आतल्या बायकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. तीच शिस्त अक्कानं मला लावली. "भुतासारखा येऊन उभा राहतोस रे! दारात खाकरून येत जा." त्यामुळे मी रोज संध्याकाळी बसमधून उतरून आपल्याच फाटकात उभा राहून खाकरायचो. नवीन शेजाऱ्यांनी कॉलेजच्या प्रोफेसरला दम्याचा पेशंट समजून आडुळशाचा पाला आणून दिलेला आहे. पण खाकरलं की आतून तिची पावलं ऐकू यायची, पडवीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पुढची खोली, मग कडी.

मागच्या वर्षी अक्का गेली. झोपेत गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

खाकरणं आपोआप बंद झालं. कुलूप उघडणाऱ्यानं कुणासाठी खाकरायचं?

आणि पाण्यानं मला रडवलं. मी कॉलेजात असताना यायचं आणि जायचं. मग मी युक्ती केली. नळ उघडाच ठेवून पाइप एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात सोडून जायला लागलो. झालं काय, की आधीचं गढूळ पाणी पिंपाच्या तळाशी, वर बाकीचं, आणि त्याच्या वरचं वाहून गल्लीत. संध्याकाळी पिंपात बघावं तर तळाला लाल गाळ. तेच पाणी संपात टाकायचं धाडस होईना. प्यायला शांतक्का भिंतीवरून घागर द्यायच्या, आणि घागरीबरोबर बोलणी.

"एन्री सर, कॉलेजात एवढी पोरं सांभाळता, एक नळ सांभाळता येत नाही?"

"नळ अटेंडन्स देत नाही हो शांतक्का."

"अक्कांना द्यायचा."

मी घागर उचलून आत आलो.

आमच्या डिपार्टमेंटच्या रेखा मॅडमना माझी दया आली. मॅडम वयानं खूप लहान, हुशार, घरी कन्नड आणि माझ्याशी मराठी. त्यांनी विद्यानगरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, माझ्यासाठी एक फ्लॅट शोधला. "सर, बोअर आहे. नळ फिरवला की पाणी. आणि खाली मेस आहे. माणसासारखं राहा की जरा." किल्ली दसऱ्याला मिळणार होती. मी हो म्हणालो. रायापूरचं घर बंद करायचं, महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन झाडून यायचं, असं ठरलं.

हो म्हणून आलो खरा, पण त्या संध्याकाळी पडवीत बसलो आणि ती रिकामी बाज बघवेना. मग आतला स्टॅटिस्टिक्सवाला फणा काढून उभा राहिला. म्हटलं, पाणी कधी येतं ते काढता आलं, तर त्या दिवशी घरी थांबता येईल. मग घर सोडायची गरजच काय? दसऱ्यापर्यंत वेळ आहे. नळाचं भाकीत जमलं तर राहायचं, नाही जमलं तर कुलूप. जन्मभर दुसऱ्यांच्या डेटावर तोंडसुख घेतलं, आता आपल्या नळावर घेऊ.

गोकुळ रोडवर पंपांचे पॅनेल बनवणारा मंजुनाथ ओळखीचा आहे. त्याच्याकडून सेन्सर आणले. तो म्हणाला, "सर, घरात सोनं ठेवलंय काय?" मी म्हटलं, "नाही, नळ आहे." एक सेन्सर नळाच्या पाइपवर, म्हणजे पाणी आलं की नोंद. एक घरातल्या विजेच्या दाबावर, कारण पंपाला वीज असेल तर पाणी चढेल असा माझा तर्क. एक फाटकावर, कुणी जवळ आलं की नोंद. त्याच सेटमध्ये माणसाची हालचाल टिपणारे दोन आले होते. गरज नव्हती, पण फुकट आलेलं वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. एक स्वयंपाकघरात लावला. दुसरा पडवीत — का, तर तिथे अक्काच्या कॅलेंडरचा खिळा रिकामा होता म्हणून. शास्त्रीय कारण एवढंच.

सगळ्यांच्या नोंदी सारख्या अंतरानं मोबाइलवर यायच्या, तिथून कॉलेजच्या कंप्युटरवर. आणि तिथे आमच्या डिपार्टमेंटचं एक सॉफ्टवेअर.

हे जरा समजावून सांगतो, घाबरू नका. वेळेप्रमाणे ओळीनं मांडलेल्या नोंदींना टाइम सिरीज म्हणतात. अशा चार-पाच सिरीज या सॉफ्टवेअरला दिल्या की ते प्रत्येकीचा एक गोल काढतं आणि गोलांमध्ये बाण काढतं. बाण कसा? समजा, आधी पाऊस किती पडला हे कळल्यावर पुढचा कांद्याचा भाव जास्त नेमका सांगता येत असेल, तर बाण पावसाकडून कांद्याकडे. कांद्याच्या भावावरून पाऊस सांगता येत नाही, म्हणून उलटा बाण नाही. नातं जितकं पक्कं तितका बाण जाड. कुणामुळे काय होतं याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, पोरं खूश होतात.

मग मी त्यांच्या उत्साहावर पाणी ओततो. सांगतो, बाबांनो, कोंबडं आरवतं आणि मग उजाडतं. सॉफ्टवेअर कोंबड्याकडून सूर्याकडे बाण काढेल, मस्त जाड. म्हणून कोंबड्यानं सूर्य उगवला असं पेपरात लिहाल तर शून्य मिळेल. बाणाचा अर्थ 'आधी' एवढाच. 'मुळे' नव्हे! हे वाक्य मी इतक्या वर्गांत इतक्या वेळा म्हटलंय की मागच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर ओठ हलवतात.

काही आठवड्यांचा डेटा जमल्यावर एका दुपारी, स्टाफरूममध्ये डबा खाऊन झाल्यावर मी चित्र काढलं. विजेकडून नळाकडे बाण येईल अशी खात्री होती. आला, पण केसासारखा. नळाकडे जाणारा जाड बाण दुसरीकडूनच येत होता.

पडवीकडून.

म्हणजे पडवीत हालचाल होते, आणि थोड्या वेळानं नळाला पाणी येतं. मला आधी हसू आलं. वाटलं, मीच फिरत असणार. पण पाणी आलं ते बहुतेक वेळा भर दुपारी, मी कॉलेजात असताना. फाटकाच्या गोलातून पडवीकडे एकही बाण नव्हता. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. स्वयंपाकघर शांत.

मूळ नोंदी उघडून पाहिल्या. दर वेळी तेच. पडवी हलते, थांबते, मग नळ. मधला वेळ... कसा सांगू, बाजेवरून उठून, पदर खोचून, पातेलं शोधून पालथं घालायला जेवढा लागतो, तेवढा.

"काय झालं सर?" रेखा मॅडम खुर्ची सरकवून आल्या. चित्र पाहिलं. "अय्यो, मांजर असेल की!"

"हो. मांजरच." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना शेंगदाण्याची अख्खी चटणी देऊन टाकली.

लोक म्हणतात भुतं रात्री येतात. आमच्याकडे जे काही होतं ते कॉलेजच्या वेळात यायचं, आणि मी त्याला शेंगदाण्याच्या चटणीसह मांजर ठरवून मोकळा झालो.

पण मग डोकं शांत बसेना. कॉलेजला निघताना पडवीभर पीठ भुरभुरलं. पाणी आलं, त्याआधी पडवी हलली, आणि संध्याकाळी पीठ जसंच्या तसं. मांजर नाही, उंदीर नाही. पाऊल नाही. कुणाचंच. पिठावर बोटानं ओढलेली एक रेघ मात्र होती. ती सकाळी मीच खात्रीसाठी ओढली होती, हे आठवेपर्यंत मी दोनदा फाटकाचं कुलूप तपासून आलो होतो.

सेन्सर बिघडला असेल म्हणून पडवीतला काढून स्वयंपाकघरात लावला, तिथला पडवीत. बाण जागचा हलला नाही. पडवीकडूनच.

मग रेखा मॅडमनीच डोकं लढवलं. "सर, पाण्याआधी नळातून हवा येते ना? फस्स करून? त्या हवेनं दोरीवरचं फडकं हलत असेल." मी टाळ्याच वाजवल्या. पडवीतल्या दोरीवर खरंच अक्काचं एक जुनं लुगडं होतं, टाकवलं नव्हतं म्हणून तिथेच राहिलेलं. घरी जाऊन ते काढलं, घडी घातली, कपाटात ठेवलं. पाइपचं तोंड पिंपात खोल सोडलं, हवा कुठे जायलाच नको. आणि खरं सांगतो — त्या संध्याकाळी मी उदास झालो. कोडं सुटलं होतं. मला ते सुटायला नको होतं, हे सुटल्यावर कळलं. आता पुढच्या खेपेला पडवी हलणार नाही, आणि घर रिकामं असल्याचं मला सॉफ्टवेअरमधून लेखी मिळणार...

पुढच्या खेपेला मी फर्स्ट इयरच्या वर्गात होतो. मोबाइल टेबलावर. पडवीची नोंद आली. मी फळ्याकडे वळलो, परत वळलो. पुन्हा पडवी. मग थोड्या वेळानं नळ. पण नळाची नोंद मध्येच तुटली. सुरू, बंद, आणि मग सलग. असं आधी कधी झालं नव्हतं.

वर्ग सोडला आणि बस पकडून घरी आलो. फाटकाला कुलूप. आत आलो, मागे गेलो. पाणी येऊन गेलं होतं.

पिंप काठोकाठ भरलेलं. आणि स्वच्छ. वाकून पाहिलं तर पिंपाच्या तळावरचा कंपनीचा छाप वाचता येत होता. गाळाचा कण नाही. पाइप पिंपातच, मी सोडला होता तसा.

कढीलिंबाच्या बुडाशी मात्र ओला, लाल चिखल होता.

मी भिंतीशी गेलो. "शांतक्का! ओ शांतक्का!"

त्या पदराला हात पुसत आल्या. "नीर बंदावेन्री? आलं काय पाणी तुमच्याकडे?"

"आलं. आज कसं होतं? स्वच्छ?"

"कसलं स्वच्छ! चहा की हो, नेहमीचा. दोन बादल्या गटारात ओतल्या."

"तुम्ही आमच्या अंगणात आला होता काय? पाइप झाडाला लावायला?"

"मी?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "ह्या गुडघ्यांनी? उडी मारून? सर, जेवलात काय तुम्ही दुपारी?"

"मग कुणी आलं होतं? कुणाला पाहिलंत?"

"इल्ल री. यारू इल्ल. कुणी नाही." मग त्या थांबल्या. त्यांचा चेहरा जरा बदलला. "पातेलं वाजलं मात्र."

"कुठलं पातेलं?"

"तुमचंच. मी पडले होते जरा. ते वाजलं म्हणून तर उठून नळ सोडला." आणि मग माझ्याकडे बघून त्याच गोंधळल्या. "सवय हो... कानाची सवय असते. वाजलं असं वाटलं असेल."

ते पातेलं आत स्वयंपाकघराच्या फळीवर होतं. मी जाऊन पाहिलं. कोरडं होतं. महिनोन्महिन्यांची धूळ होती त्याच्यावर.

पिंपातलं पाणी मी संपात टाकलं. ग्लासभर प्यायलोही. पाण्यासारखंच होतं. काय सांगू अजून.

त्यानंतर मी रजा टाकली. माझ्या शिल्लक रजा इतक्या आहेत की ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज उलटसुलट करून पाहिला. रोज सकाळपासून पडवीत खुर्ची टाकून बसायचो. चहा तिथे, जेवण तिथे. बाजेवर बसलो नाही, ती मोकळी ठेवली. समोर नळ, शेजारी कढीलिंब, मध्ये मी. दुपारी गल्ली पार ओस पडते. दूर हमरस्त्यावर गाड्यांचा आवाज, आणि जवळ काहीच नाही. अक्का नोकरी सुटल्यावर इतकी वर्षं रोज अशाच दुपारी काढत होती, मी येईपर्यंत. मला ते कधी सुचलंच नव्हतं, की माझ्या दुपारी कॉलेजात भरून जायच्या आणि तिच्या इथे अशा...

पाणी आलं. मी समोर बसलेलो असताना आलं. आधी काही झालं नाही. चाहूल नाही, गारवा नाही, वास नाही. पिक्चरमध्ये होतं तसलं काहीच नाही. नळ फस्स झाला, लाल पाणी आलं, मी धडपडत पाइप झाडाकडे नेईतो निम्मा गाळ पिंपात गेला. पुन्हा काही दिवसांनी आलं, पुन्हा तेच. माझ्याच डोळ्यांदेखत.

कॉलेजात परत गेल्यावर मी डेटाचे दोन भाग केले. मी घरी असतानाचे दिवस वेगळे, नसतानाचे वेगळे. दोन चित्रं काढली. घरी नसतानाच्या चित्रात पडवीकडून नळाकडे तोच जाड बाण. घरी असतानाच्या चित्रात पडवीचा गोल आणि नळाचा गोल, मध्ये कोरा कागद.

रेखा मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "सर, दसरा जवळ आला. ते फ्लॅटचे मालक विचारत होते."

"हो. सांगतो."

"मी एक बोलू काय? त्या घरात तुम्ही एकटे राहून..."

"मॅडम, तेच तर कळत नाहीये. एकटा आहे की नाही."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये जागा मिळाली नाही. दांड्याला लोंबकळत माझ्या डोक्यात एकच येत होतं. मी नसताना जे येतं ते मी असताना का येत नाही? रायापूरला उतरलो, चालत फाटकाशी आलो, खिशातून किल्ली काढली, आणि थांबलो. दिवसभर मी नसतो. आणि येतो तो कसा? पावलं न वाजवता. सरळ कुलूप काढून आत. भुतासारखा येऊन उभा!

गल्लीत कुणी नव्हतं. तरी लाजच वाटली. पण खाकरलो. अप्पांसारखा, मोठ्यानं. आणि किल्ली हातात धरून फाटकातच उभा राहिलो थोडा वेळ. मग आत गेलो.

आत नेहमीसारखंच. कुणी नाही. चहा केला, भात लावला, या ग्रुपवर कुणाचा तरी अनुभव वाचला. कमेंट केली नाही.

त्या दिवसापासून रोज खाकरतो. आडुळसावाल्या शेजाऱ्यांनी पुन्हा चौकशी केली. शांतक्कांनी मात्र काही विचारलं नाही. एकदा भिंतीवरून घागर परत घेताना म्हणाल्या फक्त, "बरं झालं सुरू केलंत. तो आवाज नसला की संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नव्हती."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ताजा डेटा घालून शेवटचं म्हणून चित्र काढलं. भाकितावर सगळं ठरणार होतं ना. ते जमलं नव्हतंच. पडवी हलल्याचं मला कळतं ते कॉलेजात, आणि मी घरी थांबलो तर पडवीत माझ्याशिवाय काही हलत नाही. असलं भाकीत काय चाटायचंय? पण चित्रात आणखी एक बाण होता, आधी नसलेला. अगदी बारीक. फाटकाकडून पडवीकडे.

मूळ नोंदी उघडल्या. संध्याकाळी मी फाटकाशी येऊन थांबतो, ती एक नोंद. मग मी आत पाऊल टाकण्याच्या आधी, बाहेर उभा असतानाच, पडवीची एक नोंद. त्याच्या मागून एकदा-दोनदा स्वयंपाकघराची. मग काही नाही. मग मी.

रोज नाही. काही दिवशी.

रेखा मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, आकडे पाहिले, आणि मी त्यांना जे शिकवलं तेच अगदी माझ्याच आवाजात मला सांगितलं. "सर, हा बाण धरता येणार नाही. डेटा फार कमी आहे."

"बरोबर."

"योगायोगानंही येऊ शकतो."

"अगदी बरोबर. आणि आला तरी बाणाचा अर्थ 'आधी' एवढाच."

"'मुळे' नव्हे," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

"तर मग अजून डेटा जमवायला हवा," मी म्हटलं. "त्याला वेळ लागेल. वर्षं लागतील कदाचित. फ्लॅटच्या मालकांना कळवा, सर येत नाहीत म्हणून."

त्यांनी आपला डबा उघडला. मग डब्यातली निम्मी चटणी माझ्या डब्यात काढली आणि तासाला निघून गेल्या.

यालाही आता बरेच महिने झाले. अक्का होती असं मी म्हणत नाही. ती असती तर पिंपाऐवजी थेट संपात पाणी सोडलं असतं. तिला पिंपं आवडायची नाहीत. स्वच्छ पाणी पुन्हा कधी आलं नाही, दर वेळी तळाला गाळ. मंजुनाथ म्हणतो उन्हानं सेन्सर फसतात. असेल. मग माझ्या रजेच्या दिवसांत ऊन पडलं नव्हतं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडे तर कशाचंच नाही. मात्र रविवारीसुद्धा मी दुपारचा घरी थांबत नाही. जेवून बाहेर पडतो, बसनं उगाच हुबळीला जाऊन येतो, कुठेतरी बसून राहतो. कुणी विचारलं तर काम आहे म्हणतो. आपल्याच घरात एकटं पडायला नको म्हणून माणूस घराबाहेर बसतो, हे कुणाला समजावणार? फळीवरचं पातेलं मी घासून ठेवलंय. पालथं.

आता खाली कमेंटमध्ये तुम्ही विचारालच, सॅम्पल साइझ किती? विचारा. माझंच देणं आहे.

कमी आहे हो. जमवतोय. रोज संध्याकाळी, फाटकात उभा राहून, एक एक.